संगणकाच्या पटावरील डोंगरी राज्य : बळ पारखावे कसे?

(प्रतिनिधी)

कोल्हापूर : युद्धनीतीच्या संगणकीय खेळात एखादे नवे राष्ट्र दाखल झाले, की खेळणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : याचे बळ किती? हे राष्ट्र डोंगराळ मुलुखातले असेल, तर उत्तरही बहुधा घाईने दिले जाते. डोंगर म्हणजे बचाव, बचाव म्हणजे संथ खेळ, आणि संथ खेळ म्हणजे दुय्यम दर्जा, असा हा हिशेब असतो. कोल्हापूरच्या वाचकाला मात्र या हिशेबात काही तरी निसटल्याची जाणीव व्हावी. शहरापासून अवघ्या वीस किलोमीटरवर पन्हाळा उभा आहे. डोंगरी राज्याचे बळ नेमके कशात असते, याचे सविस्तर विवेचन याच गादीच्या कारकिर्दीत, सुमारे तीनशे वर्षांपूर्वी, लिहिले गेले. तो ग्रंथ म्हणजे रामचंद्रपंत अमात्य यांचे ‘आज्ञापत्र’. कोल्हापूरचे दुसरे संभाजीराजे यांच्या काळात, सन १७१५-१६ च्या सुमारास सिद्ध झालेल्या या राजनीतिपर ग्रंथात दुर्गांवर स्वतंत्र प्रकरण आहे.

मराठ्यांचे राज्य एका मोठ्या संगणकीय खेळात खेळण्यासाठी उपलब्ध झाले, ते मार्च २००९ मध्ये. त्यानंतर पेरूच्या अँडीज पर्वतातील इंका, कॉकेशसमधील जॉर्जियन आणि आर्मेनियन अशी अनेक डोंगरी राष्ट्रे वेगवेगळ्या खेळांत आली. त्यांची क्षमता कशी जोखावी, याची एक पद्धत आज्ञापत्राच्या आधारे येथे मांडली आहे.

खेळातील राष्ट्र म्हणजे काय?

‘एज ऑफ एम्पायर्स’, ‘सिव्हिलायझेशन’, ‘टोटल वॉर’, ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ ही युद्धनीतीच्या खेळांतील प्रमुख नावे. खेळणारा एक राष्ट्र निवडतो, वस्ती वाढवतो, शेती, खाणी व व्यापार यांतून संपत्ती जमवतो आणि शेजाऱ्यांशी तह किंवा युद्ध करतो. बहुतेक खेळांत पायाभूत नियम सर्वांना सारखेच असतात. राष्ट्राराष्ट्रांतील फरक तीन गोष्टींनी दाखवला जातो. पहिली, कायमची सवलत, म्हणजे ‘बोनस’. दुसरी, त्या राष्ट्रालाच मिळणारे खास सैनिक. तिसरी, खास इमारत किंवा सुधारणा.

नव्या राष्ट्राची पारख करताना खेळाडू प्रथम या सवलतींची यादी वाचतात. दुसरी पायरी म्हणजे प्रत्यक्ष सामन्यांतील विजयाचे प्रमाण पाहणे. दोन्हींत धोका आहे. यादीत मोठा दिसणारा आकडा प्रत्यक्ष डावात क्वचितच उपयोगी पडतो, तर कधी एका ओळीची साधी सवलत सारा डाव फिरवते. विजयाचे प्रमाणही पहिल्या काही आठवड्यांत फसवे असते. नवे राष्ट्र अजमावून पाहणाऱ्यांची गर्दी असते, प्रतिस्पर्ध्यांना त्याचा तोडगा ठाऊक नसतो आणि निर्माती कंपनीही सुधारित आवृत्ती काढून आकडे कमी-जास्त करीत असते.

नकाशाचा प्रश्न तर सर्वांत महत्त्वाचा. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ मध्ये ‘अरेबिया’ हा मोकळा नकाशा आहे, तर ‘ब्लॅक फॉरेस्ट’ दाट जंगलाचा व अरुंद वाटांचा. एकाच राष्ट्राला दोन्ही ठिकाणी सारखे गुण देता येत नाहीत. डोंगरी राष्ट्राची क्षमता तर जमिनीशीच बांधलेली असते. त्यामुळे ‘हे राष्ट्र बलवान आहे का?’ या प्रश्नाऐवजी ‘कोणत्या जमिनीवर, किती काळ आणि कोणाच्या श्रमावर बलवान आहे?’ असा प्रश्न विचारावा लागतो. पुढील सहा कसोट्या याच प्रश्नाच्या आहेत.

कसोटी पहिली : पोट

डोंगरात सपाट जमीन थोडी, म्हणून धान्य थोडे. ‘सिव्हिलायझेशन ६’ या खेळात पर्वताची चौकट सर्वसाधारण राष्ट्राला निरुपयोगीच असते. तेथे सैन्य चढत नाही की नागरिक काम करीत नाहीत. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘गॅदरिंग स्टॉर्म’ या विस्तारात इंका राष्ट्र आले आणि हा नियम त्यांच्यापुरता उलटला. इंकांचे नागरिक पर्वतावर काम करू शकतात व त्यातून उत्पादन मिळते. डोंगर-उतारावर पायऱ्यांची शेती करता येते आणि शेजारी पर्वत असला, की त्या शेतीचे पीक वाढते. ज्या नकाशावर इतर खेळाडू ‘जागा वाईट आली’ म्हणून कपाळाला हात लावतात, तेथे इंकांची शहरे फोफावतात.

या सवलतीचे नाव लक्षात घेण्याजोगे आहे. तिला ‘मिता’ म्हटले आहे. इंका साम्राज्यात प्रजेने पाळीपाळीने सरकारी कामावर राबण्याची जी पद्धत होती, तिचे हे नाव. रस्ते, पायऱ्यांची शेते, कोठारे ही सारी त्या श्रमांतून उभी राहिली. डोंगर आपण होऊन काहीच देत नाही, देतो तो माणसाचा हात, ही गोष्ट खेळाच्या रचनाकारांनी निदान नावापुरती तरी मान्य केली आहे.

पन्हाळ्यावरील अंबारखाना याच कसोटीचे उत्तर आहे. गंगा, यमुना व सरस्वती या नावांची ती प्रचंड धान्यकोठारे पाहिली, की गडाचे बळ तटाच्या उंचीपेक्षा कोठाराच्या खोलीवर मोजले जात असे, हे उमगते. हे धान्य गडावर पिकत नव्हते, खालच्या मुलखातून चढवले जात होते. म्हणून डोंगरी राष्ट्र जोखताना पाहावे, ते असे : खेळ त्याला अन्न कोठून देतो? स्वतःच्या उतारावरून, खालच्या खोऱ्यातून, की काहीच न विचारता?

कसोटी दुसरी : पाणी आणि वेढा

आज्ञापत्रकारांचा पाण्याविषयीचा कटाक्ष विलक्षण आहे. गडाची जागा निवडताना आधी पाणी पाहावे. ते नसेल आणि जागा तर आवश्यक असेल, तर खडक फोडून टाकी करावीत. एका झऱ्यावर विसंबू नये, कारण लढाईत तोफांच्या हादऱ्यांनी झरे आटण्याचा संभव असतो. साठवणीचे पाणी निराळे राखावे. हा सारा तपशील रामचंद्रपंतांनी दिला आहे. पन्हाळ्यावरील अंधारबाव ही तीन मजली विहीर हाच विचार दगडात दाखवते. तेथे पाणी आणि पहारा एकाच वास्तूत आहेत.

खेळांत वेढ्याचे चित्रण बहुधा भिंतीचे ‘आयुष्य’ आणि तोफेचा मारा एवढ्यावर संपते. याला एक चांगला अपवाद म्हणजे स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीचा २०१३ मधील ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’. येथे वेढा ठराविक दिवसांच्या टप्प्यांनी पुढे सरकतो आणि प्रत्येक टप्प्याला फासा पडतो. कधी धान्य संपल्याची, कधी पाणी तुटल्याची, कधी शिबंदी पळाल्याची नोंद होते आणि मग गड पडण्याची शक्यता वाढते. शिवाय डोंगराळ प्रांतात लढाई जुंपली, तर चाल करून येणाऱ्याच्या फाशातून दोन गुण वजा होतात. फासा शून्य ते नऊ असा असल्याने ही वजाबाकी लहान नव्हे.

या खेळात सन १४४४ पासून डाव सुरू होतो आणि मराठी भाषक सत्तेला पुढे मराठ्यांचे राज्य घडवता येते. बळाचा बराचसा भाग राष्ट्राच्या नावावर नव्हे, तर प्रांताच्या जमिनीवर लिहिलेला असणे, हे या खेळाचे मर्म आहे. सह्याद्रीचा प्रांत ज्याच्या हाती, त्याला त्याचा लाभ.

कसोटी तिसरी : वाट

डोंगर परक्याला अडवतो हे खरे, पण तो घरच्यालाही अडवतो. म्हणून खेळाने डोंगरी राष्ट्राला वाट कशी दिली आहे, हे बारकाईने पाहावे. २०१० मध्ये ‘सिव्हिलायझेशन ५’ मध्ये आलेल्या इंकांचे सैन्य टेकड्यांवरून सपाटीच्याच वेगाने चालते आणि टेकडीवरील रस्त्यांचा देखभाल खर्चही त्यांना पडत नाही. पुढील आवृत्तीत त्यांना पर्वताच्या पोटातून आरपार जाणारी वाट फार लवकर बांधता येते. ‘कापाक न्यान’ हे तिचे नाव इंकांच्या खऱ्या महामार्गाचे आहे. हा सुमारे तीस हजार किलोमीटरचा मार्गसमूह २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

कोल्हापूरला ही कसोटी पुस्तकातून शिकवावी लागत नाही. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज १२ जुलै १६६० च्या रात्री पन्हाळ्याहून निघाले आणि भर पावसात विशाळगडाकडे गेले. बाजीप्रभू देशपांडे व त्यांच्या साथीदारांनी घोडखिंड रोखून धरली. खिंडीची रुंदी लढाईचा निकाल ठरवू शकते, याचे याहून जवळचे उदाहरण नाही. परंतु त्याच रात्रीचा दुसरा धडा कमी सांगितला जातो. वाट माहीत असणे, अंधारात व चिखलात ती चालता येणे आणि पुढचा गड आपल्या हाती असणे, या तिन्हींशिवाय खिंडीतील पराक्रमाला अर्थ उरला नसता. एकटा गड म्हणजे सापळा, गडांची साखळी म्हणजे राज्य. खेळात एकाच किल्ल्याला मोठा बोनस असेल, पण दोन किल्ल्यांमधील वाटेला काहीच नसेल, तर ते डोंगरी राष्ट्र अर्धेच घडवले आहे, असे म्हणावे लागेल.

कसोटी चौथी : उंची

‘एज ऑफ एम्पायर्स २’ मध्ये उंचावरून खाली केलेला वार २५ टक्के अधिक आणि खालून वर केलेला वार २५ टक्के कमी परिणाम करतो. हा नियम सर्वांनाच लागू आहे. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस आलेल्या ‘द माउंटन रॉयल्स’ या विस्तारात जॉर्जियन व आर्मेनियन ही दोन नवी राष्ट्रे मिळाली आणि जॉर्जियनांना या नियमावर आणखी एक थर चढला. उंचावर लढताना त्यांचे सैनिक व इमारती कमी नुकसान सोसतात. त्यांच्या एका खास तंत्रज्ञानाला ‘स्वान टॉवर्स’ हे नाव आहे. जॉर्जियातील स्वानेती खोऱ्यात घराघराला लागून उभ्या असलेल्या मध्ययुगीन दगडी बुरुजांवरून ते घेतले आहे. शिवाय दोन्ही राष्ट्रांना लाकूडफाटा, सोने व दगड गोळा करण्यासाठी एका जागी बांधलेल्या तळाऐवजी चालती खेचरगाडी मिळते आणि प्रसंगी बाण सोडणारे तटबंद चर्चही मिळते.

येथे नवखा खेळाडू फसतो. उंचीची सवलत यादीत भारदस्त दिसते, परंतु सपाट नकाशावर ती निजून राहते. प्रतिस्पर्धी टेकडीखाली लढायला येईलच, असेही नाही. याउलट खेचरगाडी डावाच्या पहिल्या मिनिटापासून प्रत्येक नकाशावर राबते. जॉर्जियनांचे घोडदळही जमावाने लढताना अधिक प्रखर होते आणि त्याला डोंगराची अट नाही. म्हणून डोंगरी राष्ट्राच्या सवलतींचे दोन गट करावेत. डोंगर असला तरच चालणाऱ्या एका बाजूला आणि डोंगर नसतानाही चालणाऱ्या दुसऱ्या बाजूला. दुसरा गट रिकामा असेल, तर ते राष्ट्र केवळ निवडक नकाशांचे.

उंचीबाबत आज्ञापत्रात एक इशाराही आहे, जो खेळांत क्वचित आढळतो. गडाशेजारी तोफेच्या माऱ्यात येणारा दुसरा डोंगर असू नये. असल्यास तो सुरुंगांनी फोडून काढावा आणि ते शक्य नसेल, तर तोही बांधून घ्यावा. पन्हाळ्याशेजारचा पावनगड या नियमाचे चालतेबोलते उदाहरण होय. उंची ही नेहमी दुसऱ्या उंचीच्या तुलनेत असते.

कसोटी पाचवी : माणूस

सहा कसोट्यांपैकी खेळांना सर्वांत अवघड जाते, ती ही. सन १६९९ च्या अखेरीस औरंगजेबाने मराठ्यांचे किल्ले एकेक करून घेण्याची मोहीम हाती घेतली. एप्रिल १७०० मध्ये सातारा, १७०१ मध्ये पन्हाळा, १७०२ मध्ये विशाळगड आणि त्यानंतर सिंहगड, राजगड असे किल्ले पडत गेले. यांतील बहुतेक किल्ले तट फोडून नव्हे, तर किल्लेदारांशी पैशांचा सौदा करून मोगलांनी घेतले. तोरणा १७०४ मध्ये चढाई करून जिंकला, तो अपवाद. मराठ्यांनी दीर्घकाळ गड लढवून शत्रूचा काळ व खजिना खर्ची घातला, पावसाळा जवळ आला तेव्हा रक्कम घेऊन गड दिला आणि पुढील काही वर्षांत त्यांतील बरेच किल्ले परत घेतले. याला फितुरी म्हणावे की नीती, हा वाद जुना आहे. परंतु गडाचा निकाल माणसाच्या निर्णयावर ठरतो, हे त्यातून निर्विवाद दिसते.

म्हणूनच आज्ञापत्रात तटबंदीइतकीच जागा नेमणुकांना आहे. हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस असे अधिकार वाटलेले. सैन्य एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे आणि कोठार तिसऱ्याकडे. ठराविक वर्षांनी बदली. दारूगोळ्याचे कोठार वस्तीपासून दूर. गडाखालचे रान राखायचे, पायवाटा मोडून टाकायच्या. याखेरीज गडाच्या घेऱ्यात रामोशी, महार, कोळी, बेरड अशा समाजांतील लोक पिढ्यान् पिढ्या पहाऱ्याला असत. खेळाच्या पटावर त्यांच्यासाठी कोणतेही चित्र नाही. तेथे किल्ला बांधला, की तो आपण होऊन बाण सोडतो. ‘युरोपा युनिव्हर्सालिस’मध्ये हेरांचे जाळे विणल्यास वेढा सुलभ होतो, एवढाच काय तो या दिशेने केलेला प्रयत्न.

कसोटी सहावी : ऋतू आणि काळ

विशाळगड घेतल्यानंतर परतीच्या वाटेवर मोगली फौजेचे जे हाल झाले, ते मराठ्यांच्या तलवारीने नव्हे, तर सह्याद्रीच्या पावसाने. ओढे-नद्यांना आलेले पूर, चिखलात रुतलेल्या तोफा, मेलेली जनावरे यांच्या नोंदी इतिहासकारांनी दिल्या आहेत. डोंगरी राज्याचा हा न दिसणारा सैनिक. दसऱ्याला सीमोल्लंघन आणि पावसाळ्याला छावणी, हे मराठी मुलखातील लष्करी वर्षाचे चक्रच होते.

मराठ्यांचे राज्य ज्या खेळात आहे, त्या ‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये वर्षाचे दोन डाव असतात, एक उन्हाळी व दुसरा हिवाळी. युरोपच्या रणभूमीसाठी ही विभागणी योग्यच, परंतु सह्याद्रीचा तिसरा आणि निर्णायक ऋतू त्यात कोठेच नाही. पाऊस वगळला, की विशाळगडाची मोहीम दुसऱ्या कोणत्याही मोहिमेसारखी होते.

काळाची बाब याहून गंभीर आहे. डोंगराचे बळ सार्वकालिक नसते. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या उखळी तोफांच्या माऱ्याने रायगडावरील वाड्यांना आग लागली आणि गड पडला. त्या एका मोहिमेत महाराष्ट्रातील कित्येक किल्ले काही महिन्यांत इंग्रजांच्या ताब्यात गेले. ज्या गडांना औरंगजेबाने वर्षे दिली, त्यांना आता दिवस पुरले. चांगल्या खेळात म्हणूनच डोंगरी सवलतीला युगाची मर्यादा हवी, किंवा तिचे रूपांतर दुसऱ्या लाभात व्हावयास हवे. ‘सिव्हिलायझेशन ६’ मध्ये इंकांच्या पर्वतांचे उत्पादन औद्योगिक युगात आणखी वाढते. म्हणजे गडाचे युग संपले, तरी डोंगराचे संपत नाही. ही कल्पना विचारपूर्वक केलेली दिसते.

मराठ्यांना गुण किती?

आता या कसोट्यांवर पटावरील मराठे पाहू. ब्रिटनच्या क्रिएटिव्ह असेंब्लीने घडवलेला व सेगाने प्रकाशित केलेला ‘एम्पायर : टोटल वॉर’ सन १७०० ते १७९९ हा काळ हाताळतो. युरोप, अमेरिका व हिंदुस्थान अशा तीन मोठ्या रणभूमी त्यात आहेत. खेळण्यासाठी निवडता येणाऱ्या राष्ट्रांत बहुसंख्य युरोपीय आहेत. हिंदुस्थानातून निवडता येते, ते एकच राज्य, मराठ्यांचे. मोगल बादशाही संगणकाच्या हाती असते. मराठी घरातील मुलाला आपले राज्य जगाच्या पटावर उभे असलेले पाहण्याचा आनंद या खेळाने दिला, हे मान्य करावयास हवे.

परंतु पारख करताना काही गोष्टी खटकतात. खेळात या राज्याला ‘मराठा कॉन्फेडरसी’, म्हणजे मराठा संघराज्य, असे नाव आहे. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले यांचा जो संघ या नावाने ओळखला जातो, तो पुढच्या काळातला. १७०० साली चित्र वेगळेच होते. सातारा वेढ्यात होता, मार्चमध्ये राजाराम महाराजांचे सिंहगडावर निधन झाले आणि राज्याची सूत्रे महाराणी ताराबाईंनी हाती घेतली. याच ताराबाईंनी पुढे पन्हाळा-कोल्हापूरच्या गादीचा पाया घातला. तेव्हा खेळाचा आरंभबिंदू हा मराठ्यांच्या संकटाचा सर्वांत खोल क्षण आहे. त्या क्षणी राज्य तगले, ते गडांच्या साखळीवर आणि मोगली मुलखात दूरवर धडक देणाऱ्या हलक्या घोडदळावर. खेळातील मराठी फौजेत मात्र डोळ्यांत भरतात ते हत्ती. पाठीवर बंदूकधारी व तोफा वाहणारे हे हत्ती सपाटीच्या लढाईत भारी आहेत आणि खेळणाऱ्यांना ते आवडतातही. पण सह्याद्रीच्या घाटवाटांचे बळ म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवता येणार नाही.

एकूण पाहता, खेळाडूच्या दृष्टीने हे राज्य सशक्त आहे. एक मोठा शत्रू समोर, पाठीमागे मोकळा मुलूख आणि भक्कम फौज. डोंगरी राज्य म्हणून त्याला पोट, पाणी, वाट, माणूस व ऋतू या कसोट्यांवर फारसे गुण देता येत नाहीत. डोंगरी राष्ट्राचे चित्रण म्हणून ‘सिव्हिलायझेशन ६’ मधील इंका सर्वांत पुढे आहेत, वेढ्याच्या तपशिलात ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ सरस आहे, तर ‘एज ऑफ एम्पायर्स २’ मधील जॉर्जियन हे चटकन शिकता येणारे व समतोल राष्ट्र म्हणता येईल.

नवे डोंगरी राष्ट्र हाती आल्यास विचारावयाचे प्रश्न

- धान्य कोठून येते? डोंगरावरूनच, की खालचा मुलूख राखावा लागतो?
- वेढ्यात आधी काय संपते : भिंत, धान्य, पाणी की माणसांचा धीर?
- स्वतःच्या सैन्याला डोंगर ओलांडता येतो का, की केवळ शत्रू अडतो?
- कोणत्या सवलती सपाट नकाशावरही चालतात?
- गडाची शिबंदी फुटू शकते का? तिच्यावर खर्च करावा लागतो का?
- शेवटच्या युगात डोंगराचे काय होते?
- निदान दहा-बारा डाव, तेही निरनिराळ्या नकाशांवर, खेळून झाल्याशिवाय मत बनवले आहे का?

खेळाबाहेरचा हिशेब

पारख चुकल्याने खेळात एक डाव जातो. इतिहासात तीच चूक माणसांच्या पोटावर येते. सन १८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांचा उठाव झाला. सामानगडावर सुरू झालेला हा वणवा भुदरगड, पन्हाळा व विशाळगडापर्यंत पोहोचला. गडाची राखण हीच ज्यांची पिढीजात चाकरी, त्यांच्या चाकरीच्या जमिनींना नव्या कारभारात धक्का बसला होता. गडाचे लष्करी मोल संपले, असा हिशेब वरच्यांनी केला. त्या गडावर जगणाऱ्या माणसांचे काय, हा प्रश्न त्या हिशेबात नव्हता. उठाव मोडला गेला आणि पन्हाळ्यासह अनेक गडांची तटबंदी इंग्रजांनी पाडली. पन्हाळ्याचा चार दरवाजा त्यात गेला. तीन दरवाजा व अंबारखाना आज उभे आहेत.

जुलै २०२५ मध्ये ‘मराठ्यांचे लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. त्यांत पन्हाळा आहे. या नोंदीत केवळ किल्ले नव्हे, तर ‘भूप्रदेश’ हा शब्द आला आहे, हे अर्थपूर्ण आहे. गड, त्याखालचे रान, वाट, पाणी आणि वस्ती हे सारे मिळून बळ होते, हीच गोष्ट आज्ञापत्राने सांगितली होती.

युद्धनीतीचे खेळ खेळणाऱ्या विद्यार्थ्यांनी एखाद्या रविवारी पन्हाळ्याची फेरी करावी आणि वर दिलेले प्रश्न हाती घेऊन अंधारबाव, अंबारखाना, तीन दरवाजा व समोरचा पावनगड या क्रमाने गड पाहावा. संगणकाच्या पटावर ‘बचाव अधिक’ एवढ्या एका ओळीत जे मावते, त्यासाठी किती टाकी खोदली गेली, किती खंडी धान्य डोक्यावरून चढले आणि किती जण रात्रभर जागे राहिले, याचा अंदाज तेथे येतो. पुढच्या वेळी पडद्यावर नवे डोंगरी राष्ट्र आले, की त्याची यादी वाचताना या माणसांसाठी तिच्यात एखादी तरी ओळ आहे का, हे आधी शोधावे.